निशाणवाल्याच्या पायाखालची माती

दात करणाऱ्या बाईला सैनिक काय कळणार, असं ताईच्या धाकट्या भावाचं म्हणणं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ताईने तीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करण्यात घालवली होती. तिच्या हातची कवळी घालून माणसं ऊस सोडून सगळं खात. धाकटा नकाशे काढायच्या कचेरीत होता आणि उरलेला सगळा वेळ अंगठ्याएवढे सैनिक रंगवण्यात घालवी. रविवारी दुपारी त्याचा दोस्त पोस्टमास्तर येई. मग जेवायच्या टेबलावर हिरवी चादर पसरायची, खाली पुस्तकं सरकवून डोंगर करायचे, फासे टाकायचे आणि पट्टीने मोजून सैनिक पुढे सरकवायचे. पन्नाशीतले दोन बाप्ये "मेला! तुझा घोडेस्वार मेला!" म्हणून गळा फाडत. ताई दोघांपुढे चहा आदळी आणि कपाळावर हात मारून घेई.

भाऊबहीण दोघंही बिनलग्नाची. आईवडील गेल्यापासून माडीवरच्या त्या तीन खोल्यांत दोघंच राहत होती. जमीन लाकडी फळ्यांची होती. दाराच्या आतली दुसरी फळी पायाखाली करकरायची, पण मोठ्या माणसाचं वजन पडलं तरच. उशीर झाला की धाकटा ती फळी ओलांडून यायचा आणि तरी पकडला जायचा, कारण ओलांडताना तो हमखास भिंतीवर आपटायचा.

घरातली एक वस्तू त्याच्या हातून वाचत नसे. प्रत्येक सैनिक नटबोल्टाच्या एका लोखंडी वायसरवर चिकटवायचा आणि त्या वायसरवर त्याच्यापुरती जमीन तयार करायची, हा त्याच्या कामातला शेवटचा आणि लाडका भाग. उकळलेली चहापत्ती वाळवून जंगलातला पाचोळा, अंड्याची टरफलं कुटून दगड, केरसुणीच्या काड्यांचं गवत, भांडी घासायच्या हिरव्या घासणीची झुडपं. "सैनिक कितीही झकास रंगवला ना ताई, पायाखाली जमीन नसली तर तो खेळणंच राहतो," असं तो म्हणायचा. "आणि घरात वस्तू नसल्या तर घर काय राहतं?" असं ताई विचारायची.

चार वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी चहाची गाळणी सापडेना. सापडली तेव्हा तिच्या जाळीत वाळू अडकलेली होती. ताईचं डोकं आधीच तापलेलं होतं, सकाळपासून एका खडूस डॉक्टराची कवळी तिसऱ्यांदा घासून झाली होती. तिने ती गाळणी त्याच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, "नवी गाळणी आणल्याशिवाय या घरात पाऊल ठेवायचं नाही! सांगून ठेवते!" धाकट्याने खाली पडलेली गाळणी उचलून पिशवीत टाकली, पायात सपाता सरकवल्या आणि तो गेला. फळी करकरली. तो गेला तो गेलाच.

पोलीसचौकीत विचारलं, घरात काही भांडण? ताई म्हणाली, नाही. दवाखाने झाले, स्टेशन झालं, नदीचा काठ झाला. हळूहळू लोक म्हणू लागले की गेला असेल कुठेतरी, पुरुषमाणसाला काय, कंटाळला असेल. ताईचं दुखणं एवढंच होतं की तो आपल्या बोलण्यामुळे गेला का. जाताना तो हसला होता की नाही, हे तिला काही केल्या आठवत नव्हतं, आणि चार वर्षं ती तेच आठवत बसली होती.

मग एके दिवशी पोस्टमास्तर आले. आता त्यांचे गुडघे गेले होते, पुढच्या महिन्यात ते लेकीकडे राहायला जाणार होते. कपाटातल्या सैनिकांकडे बराच वेळ बघून ते म्हणाले, "ताई, एक मागू? त्याचं चाळिसांचं सैन्य अर्धवट राहिलंय. एकोणीस तयार आहेत, एकवीस नुसते रंगवलेले, पाय हवेत. ते पुरे करता येतील का हो? जायच्या आधी एकदा त्याच्या पूर्ण सैन्याशी लढून हरावं म्हणतो."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मास्तर."

"तुम्ही हिरड्या रंगवता, तुम्हाला चिखल जमणार नाही होय?"

हा टोमणा की शाबासकी, हे न कळल्यामुळे ताई हो म्हणाली.

धाकट्याची वही ड्रॉवरमध्ये होती. त्यात सगळं लिहिलेलं होतं: वायसरवर पांढरा गोंद, त्यावर माती किंवा जे असेल ते, वाळल्यावर पाण्यासारखा पातळ काळपट रंग, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरवर फिका रंग, म्हणजे उंचवटे उठून दिसतात. शेवटची ओळ अशी होती: "वार्निश. त्याच दिवशी. विसरायचं नाही." खाली तीन रेघा.

आठ संध्याकाळी ताई त्या कामात बुडाली, आणि खरं सांगायचं तर तिला मजा आली. तिच्याकडे दात कोरायची सगळी हत्यारं होती. पाच सैनिकांना तिने चहापत्तीचा पाचोळा दिला. सहा जणांना गॅलरीतल्या कुंडीतली माती. चौघांना मागच्या भिंतीचा विटेचा भुगा, आणि दुसऱ्या चौघांना कामावरून आणलेलं प्लॅस्टर, ते इतकं हुबेहूब बर्फासारखं दिसलं की ती स्वतःशीच "वा!" म्हणाली. उरलेल्या दोघांपैकी एक होता निशाणवाला. त्याच्यापुरतं काही वेगळं हवं म्हणून ती घरभर फिरली, आणि दारामागे तिला धाकट्याचे रविवारचे बूट दिसले. दर रविवारी सकाळी तो पाय मोकळे करायला जायचा. कुठे, ते तिने कधी विचारलं नव्हतं. बुटाच्या तळव्याच्या खाचांत राखाडी चिखल वाळून बसला होता. उजव्या बुटातला तिने दात टोकरायच्या सळईने काढला, चाळला आणि निशाणवाल्याच्या पायाखाली लावला. शेवटचा राहिला ढोलवाला. त्याला तिने उद्यावर टाकलं.

वार्निश मात्र तिने लावलं नाही. एका कुंडीवाल्या सैनिकाला लावून बघितलं, तर तो तेल लावलेल्या पैलवानासारखा चकाकू लागला. तिला कवळ्या शिकवणारा म्हातारा म्हणायचा, कारागिरी दिसली की दात खोटा. तीस वर्षांत तिने तो नियम मोडला नव्हता. तिने डबीचं झाकण घट्ट लावलं आणि रंगरूपाच्या बाबतीत आपल्याला जास्त कळतं असं ठरवून ती झोपायला गेली.

सकाळी टेबलावर एकोणीस जुने सैनिक होते, ढोलवाला होता, आणि तो तेल लावलेला पैलवान होता. बाकी एकोणीस नव्हते.

चोर आला म्हणावं तर चांदीची वाटी जागेवर. ताईने चहासाठी फडताळ उघडलं, तर चहाच्या डब्याभोवती पाच सैनिक खांद्याला खांदा लावून उभे. तिने फडताळ बंद केलं. जरा वेळाने पुन्हा उघडलं. तोंडं बाहेर करून, पहाऱ्याला उभे असावेत तसे ते होते. गॅलरीत गेली तर कुंडीत पाच. मागच्या जिन्यावरून वाकून बघितलं तर पोपडे निघालेल्या भिंतीच्या कडेवर चार. मग तिने स्वतःला समजावलं की साठी जवळ आली, आपणच ठेवले असतील, आपणच विसरलो. ती कामावर गेली, आपल्या बाकापाशी बसली, दिवा लावला. प्लॅस्टरच्या पिशवीशेजारी, उघड्या जबड्यांच्या रांगेपुढे, बर्फातले चार सैनिक उभे होते. घरापासून कामाची जागा बसने पंचवीस मिनिटांवर होती.

शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली, "अय्या, किती गोड! कुणासाठी आणलेत?" ताईने ते चौघं रुमालात गुंडाळले आणि डोकं दुखतंय म्हणून घरी आली.

घरी येऊन तिने पोस्टमास्तरांना फोन लावला. "मास्तर, धाकटा वार्निश लावायचाच का हो? न लावता कधी ठेवायचा?"

"छे! मी म्हणायचो, अरे चकाकतात रे, बरं दिसत नाही. तर हसून म्हणायचा, जनावराला दावं लागतंच, मास्तर. का हो?"

"काही नाही," ताई म्हणाली.

तिच्या डोक्यात आता सगळं जागेवर बसत होतं, आणि ते तिला नको होतं. ज्याच्या पायाखाली जिथली जमीन, तो तिथे जाऊन उभा राहतो. वार्निशने जमीन बांधली जाते, म्हणून जुने एकोणीस आणि पैलवान हलले नाहीत. बरं, मग निशाणवाला? तो बुटांपाशी नव्हता. तिने दोन्ही बूट उलटे करून झटकले. पलंगाखाली, कपाटामागे, जिन्याखाली बघितलं. आणि मग तिथेच जिन्यावर बसून तिच्या लक्षात आलं. चिखल बुटाचा कुठे होता? बूट जिथे जायचे तिथला तो चिखल होता.

डाव्या बुटात अजून चिखल शिल्लक होता. ताईने ढोलवाल्याला वायसरवर चिकटवलं, राखाडी चिखल लावला, आणि गोंद वाळेपर्यंत त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसून राहिली. तो हलला नाही. ती डोळे वटारून बघत असताना तो कशाला हलतोय! ती उठली, खिडकीकडे तोंड केलं आणि दहा आकडे मोजले. वळून बघितलं तर ढोलवाला टेबलाच्या कडेला, दाराकडे तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. सकाळी नऊ वाजता लख्ख उन्हात ती घराबाहेर पडली. प्रत्येक नाक्यावर ती फुटपाथच्या कडेला उकिडवी बसे, ढोलवाल्याला खाली ठेवी, पाठ करून दहा मोजी आणि वळून बघे. त्याचं तोंड फिरलेलं असे, कधी डावीकडे, कधी सरळ, आणि तो वीतभर पुढे गेलेला असे. मग त्याला उचलायचं आणि पुढच्या नाक्यापर्यंत चालायचं. शिंप्याचं दुकान गेलं, शाळेची भिंत गेली, बसचा डेपो गेला. एका बाईने थांबून विचारलं, "काही हरवलंय का हो? कानातलं पडलं का?"

"हो," ताई म्हणाली. "हरवलंय."

बाई बिचारी पाच मिनिटं गटारात कानातलं शोधत होती.

गाव संपत आलं तिथे कौलांचा जुना कारखाना होता, बंद पडून कैक वर्षं झालेला. त्याच्यामागे कौलांसाठी माती काढून काढून मोठा खड्डा झाला होता आणि त्यात हिरवं पाणी साचलं होतं. काठ सगळा राखाडी चिकणमातीचा. तिथे वारा नव्हता, पाखरू नव्हतं, आणि गावातला आवाज भिंतीपलीकडून यावा तसा येत होता. ताईने ढोलवाल्याला खाली ठेवलं. या वेळी दहा मोजायची तिची छाती होईना. तिने सातच मोजले.

ढोलवाला काठावर पोचला होता. त्याच्या शेजारी निशाणवाला उभा होता. दोघांची तोंडं पाण्याकडे होती. ते उभे होते तिथे काठ एकदम आत गेलेला होता, भाकरीचा घास तोडावा तसा, आणि त्या तुटक्या कडेवर आता गवत उगवलं होतं.

चार पावलांवर कारखान्याच्या छपराचा एक कोपरा शिल्लक होता. त्याखाली, विटांच्या आडोशाला, एक कापडी पिशवी होती. ताईने ती शिवली होती, पट्ट्याला तिचाच टाका होता. आत गंजलेली जुनी गाळणी होती आणि एका डब्यात चाळलेली, पिठासारखी बारीक माती. त्याखाली दुकानाच्या प्लॅस्टिकमध्ये, चिकटपट्टीही न उघडलेली, नवी कोरी गाळणी होती.

ताईला आनंद झाला. हे वाचायला कसंतरी वाटेल, पण पहिल्यांदा तिला आनंदच झाला. तो रागावून गेला नव्हता. तो दुकानात गेला होता, गाळणी घेतली होती, आणि येताना जुनी गाळणी हातात आहेच तर थोडी माती चाळून न्यावी म्हणून इथे वळला होता, गुळगुळीत तळव्याच्या सपाता घालून. तो घरीच येत होता. मग तिला त्या आनंदाची लाज वाटली, आणि मग ती तिथे चिखलात बसून इतक्या मोठ्याने रडली की कारखान्याच्या पुढच्या फाटकावरचा राखणदार काठी घेऊन धावत आला.

पुढचं रीतसर झालं. माणसं आली, पाणी उपसलं, जे सापडायचं ते सापडलं. ताईने ते चष्म्यावरून ओळखलं. इथे कशा आलात, असं चौकीतल्या साहेबाने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "फिरत फिरत." पंचनाम्यासाठी पिशवी चौकीत गेली. भावाचं सगळं आटोपल्यावर ती घरी आली आणि तिने वार्निशची डबी उघडली. फडताळातले, कुंडीतले, भिंतीवरचे, रुमालातले, सगळे गोळा करून एकेकाला वार्निश लावलं. खड्ड्यावरून परत आणलेल्या ढोलवाल्यालाही लावलं. निशाणवाल्यापाशी मात्र तिचा हात अडला. ज्याने शोधून दिलं त्याला बांधून ठेवणं तिच्याच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाणवाला टेबलावर नव्हता. पुन्हा खड्ड्यावर गेला असणार, असं म्हणत ताईने दार उघडलं, तर तो दाराबाहेर पायपुसण्यावर उभा. तोंड घराकडे. तिने त्याला उचलून आत ठेवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. चौथ्या दिवशीही. वायसरवरचा चिखल दर सकाळी ओला असायचा, आणि पायपुसण्यावर खड्ड्याच्या पाण्याचा वास यायचा. आता ताईला भीती वाटली. खड्ड्यातून ज्याला काढायचं त्याला काढलं होतं, तिकडे जायचं कारण उरलं नव्हतं. मग हा उंबरठ्यापर्यंत येतो, तर आत का येत नाही?

पाचव्या दिवशी दार उघडून ती तिथेच उभी राहिली. निशाणवाल्याचं नाक उंबरठ्याला टेकलं होतं. आणि ताईला आपलाच आवाज ऐकू आला, चार वर्षांपूर्वीचा, कवळी घासून घासून तापलेला. नवी गाळणी आणल्याशिवाय या घरात पाऊल ठेवायचं नाही. सांगून ठेवते.

"अरे, मी रागात बोलले रे," ताई म्हणाली. निशाणवाला तिथेच होता. धाकटा लहानपणापासून तसाच. ताईने सांगितलं की त्यात काना-मात्रा बदलायचा नाही.

ती तशीच चौकीत गेली. साहेब म्हणाला, "बाकीचं राहू दे, नुसती गाळणी हवी?"

"नुसती गाळणी."

"चहाची?"

"चहाचीच. सही कुठे करू?"

घरी येऊन तिने प्लॅस्टिक फाडलं, गाळणी धुतली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली. तो खिळा चार वर्षं रिकामा होता. मग तिने बाहेरचं दार सताड उघडलं. निशाणवाला पायपुसण्यावर होता.

"आणलीस ना," ताई म्हणाली. आवाज तिने मोठा ठेवला, आतून बाहेर हाक मारावी तसा. "मिळाली मला. चांगली आहे. ये आता घरात."

तिने दाराकडे पाठ केली आणि मोजायला लागली. एक. दोन. मागे काही नव्हतं. पाच. मानेवर गार हवा आली, पाण्याच्या वासाची. सहा. सात. वळून बघावं असं तिला फार वाटलं, आणि बघू नये असंही वाटलं. आठ म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिच्या पाठीमागे, दाराच्या आतली दुसरी फळी करकरली.

ताईने दहा पुरे केले. मग वळली. दुसऱ्या फळीवर अंगठ्याएवढा निशाणवाला उभा होता, एकटाच, आणि फळी सावकाश वर येत होती.

"हातपाय धू," ताई म्हणाली, कारण दुसरं काही तिला सुचलं नाही. "चहा टाकते."

त्या दिवशी, वहीत लिहिलं होतं तसं, त्याच दिवशी, तिने निशाणवाल्याला वार्निश लावलं. तो भलताच चकाकला. तिने त्याला चकाकू दिलं.

रविवारी पोस्टमास्तर काठी टेकत आले. आत पाऊल टाकलं आणि फळीने कुरकुर केली तसे ते दचकले. "अहो, ही फळी अजून तशीच? सुताराला बोलावून दोन खिळे मारून घ्या."

"नको," ताई म्हणाली. "आलेलं कळतं."